मन लागायची वाट न बघता

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ४४ वर्षांचे, चाकणला कंपनीत पर्चेसला, घर चिंचवडला. बायको नोकरी करते, मुलगी दहावीत, आई तुमच्याकडेच असते. घराचे हप्ते वेळेवर जातात, कोणाचं मोठं आजारपण नाही. तरी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की काहीच करावंसं वाटत नाही. उपाय म्हणून तुम्ही पहाटे पाचला उठायला लागलात, ते ११ दिवस टिकलं. कृतज्ञतेची डायरी १९ दिवस. ध्यानाचं अ‍ॅप चार वेळा घेतलंत आणि चार वेळा काढून टाकलंत. आता विचारता आहात की आनंदी राहायला रोजच्या पाच सोप्या सवयी सांगा, आणि शेवटी हळूच जोडलंय, "की माझ्यातच चिकाटी कमी आहे?"

पाच सवयींची यादी मी देऊ शकते, पण ती तुम्हाला पाठ असेल. चाला, झोपा, फोन कमी करा, माणसांशी बोला, आभार माना. यादी माहीत असूनही ती हातून का होत नाही, आणि होत नाही म्हणून स्वतःत खोट आहे असं का वाटायला लागतं, हा खरा प्रश्न आहे. नाशिकमध्ये मी २२ वर्षं समुपदेशन करते आणि तुमच्यासारखी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. एक आधीच सांगून टाकते. नोकरीत वीस वर्षं टिकलेल्या, हप्ता कधी न चुकवलेल्या माणसात चिकाटी नाही असं मी मानत नाही. तुम्ही निवडलेल्या गोष्टी तुमच्या दिवसात बसत नव्हत्या, एवढाच त्याचा अर्थ.

पण सवयींकडे वळण्याआधी दुसरं एक बोलायला हवं, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमची परिस्थिती मला चार ओळींतूनच दिसते आहे. गेले दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, मन खिन्न राहतंय का? पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस गेलाय का? त्यासोबत झोप किंवा भूक बिघडली आहे, थकवा जात नाही, लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, असं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. "मला काही करावंसंच वाटत नाही" म्हणत आलेल्या कितीतरी जणांच्या रक्तात मला त्याचं किमान अर्धं उत्तर सापडलंय. खिन्नता हा आजार असेल तर त्याला उपचार आहेत, आणि ते सवयींच्या जोडीने उत्तम चालतात. जगणंच नको असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

दुसरी अट अशी की घरात मारहाण असेल, डोक्यावर सावकारी कर्ज असेल, साहेब रोज पाणउतारा करत असेल, तर सकाळी चालायला जा हे सांगणं हा त्या माणसाचा अपमान आहे. तिथे आधी ती परिस्थिती हलवायला हवी. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

तुम्ही करून पाहिलेल्या गोष्टींत मला एक साम्य दिसतं. सगळ्या एकट्याने करायच्या होत्या आणि सगळ्यांत नजर आत वळवायची होती. पहाटे पाचला उठून तुम्ही काय करत होतात ते लिहिलं नाहीत, पण बहुतेक जण काय करतात ते मला माहीत आहे. अंधारात सोफ्यावर बसतात आणि बरं वाटायची वाट बघतात. डायरी लिहिताना, डोळे मिटून बसताना मनाच्या एका कोपऱ्यात मोजमाप चालूच असतं. आज फरक पडला का? काल पडला होता का? आयरिस मॉस या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या आयुष्यात ताण कमी होता त्यांच्यात, आनंदी असण्याला फार महत्त्व देणारी माणसं बाकीच्यांपेक्षा कमी समाधानी निघाली. ताण कमी, हा तपशील तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सगळं सुरळीत असताना बरं वाटलं नाही तर माणूस परिस्थितीला दोष देऊ शकत नाही, मग तो स्वतःला देतो. "सगळं आहे, मग मला झालंय काय?" हे वाक्य मी माझ्या खोलीत किती वेळा ऐकलंय याची गणती नाही.

ध्यान वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांना साधतं त्यांनी जरूर करावं. पण मन आधीच स्वतःभोवती फिरत असताना त्याला आणखी आत बसवणं बऱ्याच जणांना जमत नाही, आणि न जमल्याचं ओझं वर चढतं. अशा वेळी मी माणसाला आधी बाहेर काढते.

ते कसं, हे एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चार-पाच वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, वय तुमच्या आसपास, एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांची तक्रार तुमचीच. त्यांना मी सवय वगैरे काही सांगितली नाही. एक वही घेऊन आठवडाभर तासातासाची नोंद करायला सांगितली. काय केलं ते चार शब्दांत, आणि पुढे दोन आकडे, शून्य ते दहा. पहिला आकडा, करताना बरं किती वाटलं. दुसरा, काहीतरी हाताला लागल्यासारखं किती वाटलं. आमच्या कामात हा तक्ता जुना आहे आणि माझा त्याच्यावर अजून भरवसा आहे, कारण माणसाला आपला दिवस आठवतो एक आणि तो गेलेला असतो भलताच.

त्यांचं ठाम म्हणणं होतं की संध्याकाळी ते "विश्रांती घेतात". वहीत संध्याकाळी सव्वासात ते साडेनऊ, सहा दिवस, एकच शब्द होता: मोबाईल. आकडे २, १, २, २, १, २. विश्रांती घेतल्यावर कोणाला दोन गुण वाटत नाहीत. आणि आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा, ७, पडला होता मंगळवारी. मंगळवारी काय झालं होतं? स्कूटर पंक्चर झाली होती. दुकानात स्टुलावर वीस मिनिटं बसावं लागलं, तिथे शाळेतला एक जण भेटला, दोघांनी मास्तरांच्या आठवणी काढल्या, दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे दाखवले, एवढंच. ते पान माझ्यासमोर धरून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे पंक्चर व्हायलाच पाहिजे का?"

त्यांच्या त्या प्रश्नातच सगळं आलं. त्या दिवशी मन लागायची वाट बघायला त्यांना सवडच मिळाली नाही. परिस्थितीने बाहेर बसवलं, पुढ्यात माणूस आला, आणि मन मागून आलं. आपण सगळे उलट्या क्रमाने जगायला जातो. आधी उत्साह येईल, मग मी उठेन. पण थकलेल्या, उदास मनात उत्साह आपसूक येत नाही. तो काहीतरी करायला लागल्यावर, पाच-दहा मिनिटांनी येतो, कधी येतही नाही, पण न उठलेल्या माणसाकडे तर नक्कीच येत नाही. उपचारांमध्ये याला बिहेव्हिअरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही दिशा दाखवली. पुढे १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने नैराश्याच्या रुग्णांवर तुलना करून पाहिली, तेव्हा विचार बदलण्याची सगळी तंत्रं वापरलेल्या पूर्ण उपचाराइतकाच गुण नुसत्या या कृतीच्या भागाने आला. मी शिकत होते तेव्हा माझा यावर विश्वास बसला नव्हता. मला वाटायचं, विचार बदलल्याशिवाय माणूस बदलेल कसा? वीस वर्षं माणसं बघून बसला.

आता तुमच्या दिवसाकडे येते. तुमच्या प्रश्नाच्या मधोमध एक वाक्य आहे, ते तुम्ही ओघात लिहून गेलात. "आई आतून हाक मारते, मी आलो म्हणतो आणि जात नाही, मग रात्री त्याचंच वाईट वाटतं." पाच सवयी विचारणाऱ्या पत्रातलं हे एकच वाक्य असं आहे ज्यात दुसरं माणूस आहे. मी असते तर इथून सुरू केलं असतं.

बसमधून उतरून घरात शिरल्यावरची पहिली वीस मिनिटं घ्या. दिवसातला हा तुकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्या वेळी तुम्ही जे धरता तेच रात्रीपर्यंत हातात राहतं. फोन घेऊन सोफ्यावर टेकलात की पुढचे दोन तास गेले. म्हणून टेकायचंच नाही. चपला काढल्या, हातपाय धुतले, फोन फ्रिजवर उपडा ठेवला, गॅसवर दोन कपांचं आधण ठेवलं. आलं किसेपर्यंत उभं राहायचं. चहा घेऊन आई जिथे बसते तिथे, तिच्या शेजारी बसायचं. समोर बसू नका. समोर बसून "कशी आहेस, काय म्हणतेस" असं विचारलं की चौकशी होते आणि दोघंही अवघडतात. मध्ये मेथीची जुडी घ्या, शेंगा सोलायला घ्या. हाताला काम असलं की माणसं आपोआप बोलतात, आणि नाही बोलली तरी ती शांतता टोचत नाही. कप रिकामा झाला की नेम संपला. नंतर फोन घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. तो सोडा असं मी म्हणतच नाही, फक्त तो दुसरा येऊ द्या.

हे ऐकून काही जण म्हणतात, यात काय मोठं, हे तर सगळेच करतात. करत असतील तर फारच चांगलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात ते थांबलेलं असतं आणि कधी थांबलं ते कोणालाच आठवत नसतं.

आईच्या बाबतीत एक सावधगिरी. काही घरांत आईजवळ बसणं म्हणजे तक्रारी ऐकणं असतं, सुनेच्या, शेजारच्यांच्या. तसं असेल तर तिला जुनं काहीतरी विचारा. तुझ्या माहेरी चूल कुठे होती, पहिला रेडिओ कोणी आणला. किंवा ही वीस मिनिटं मुलीबरोबर घ्या, तिच्या अभ्यासाबद्दल एक शब्दही न काढता. कोणाबरोबर, हे तुम्ही ठरवा. कोणीतरी हवं, यावर मात्र मी अडून बसेन.

दुसरी गोष्ट सकाळची. पहाटे पाचला उठायची काही गरज नाही. रात्री बाराला झोपून पाचला उठणारी माणसं दुपारी चिडतात, आणि तुमचे ११ दिवस बहुधा तिथेच संपले. तुम्ही कंपनीच्या बसने जाता. घराजवळच्या स्टॉपऐवजी पुढच्या स्टॉपवर जाऊन बस धरा. दहा-बारा मिनिटं उघड्यावर चालणं होईल. यात दोन कामं एकदम होतात. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातलं घड्याळ जाग्यावर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागायला मदत होते. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. आणि पायांना चाल मिळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. येता-जाता बारा-बारा मिनिटं भरभर चाललात तर सहा दिवसांत १४४ मिनिटं इथेच होतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, बूट विकत घ्यावे लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे "आज जाऊ की नको" हा वाद मनाशी घालावा लागत नाही, कारण बस तर पकडायचीच असते. पावसाळ्यात छत्री लागेल, दोन दिवस बुडतील, बुडू द्या.

त्या वाटेवर माणसं आहेत. सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला, पोह्यांची गाडी, बसमधला शेजारी. त्यांच्यातल्या एकाशी रोज एक वाक्य बोला, कामाचं नसलेलं. "गावी पाऊस झाला का?" पुरे. शिकागोच्या लोकलमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी एक प्रयोग केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना आधी विचारलं तर त्यांचा अंदाज होता की अनोळखी माणसाशी बोलण्यापेक्षा गप्प बसून केलेला प्रवास बरा जाईल. प्रत्यक्षात ज्यांना बोलायला लावलं त्यांचाच प्रवास जास्त चांगला गेला. आपल्याला कशाने बरं वाटेल याचा आपला अंदाज चुकतो, हे त्यातलं शिकण्यासारखं. मुंबईच्या लोकलमध्ये वर्षानुवर्षं एकाच डब्यातून जाणाऱ्या मंडळींना हे कोणी सांगायला नको. चौथी सीट देतात, डबा वाटून खातात, कोणी दोन दिवस आलं नाही तर फोन करतात.

ते "फोन करतात" फार महत्त्वाचं आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि आज गावोगावच्या बागांत ते चालतात. हसण्याचा फायदा असेलच. पण मी ज्या ज्येष्ठांना तिथे पाठवलं, ते परत येऊन हसण्याबद्दल क्वचित बोलतात. ते म्हणतात, "गेलो नाही तर विचारतात हो." माझे वडील गेले तेव्हा तीन महिने मला क्लिनिकशिवाय कुठे जावंसं वाटत नव्हतं. लोकांना जे सांगते ते सगळं मला माहीत होतं, पण माहीत असून पाय उचलत नव्हते. खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी साडेसहाला बूट घालून दारात उभ्या राहायच्या. बेल एकदाच वाजवायच्या. मी चालायला जायचे ते काकू उभ्या आहेत म्हणून. आज मी कोणालाही सवय लावायला सांगते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, की तुम्ही आला नाहीत तर कोणाला कळेल?

कृतज्ञतेच्या डायरीबद्दल थोडं, कारण ती फसली याचं तुम्हाला जास्त लागलेलं दिसतं. एकोणीस दिवस रोज तीन गोष्टी लिहायच्या म्हटल्यावर आठव्या दिवसापासून माणूस "घर आहे, तब्येत आहे, नोकरी आहे" असंच लिहू लागतो. शब्द राहतात, भाव जातो. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदाच लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. म्हणून वही ठेवायचीच असेल तर रविवारी एकदा. पण मला त्याहून बरं वाटतं ते त्या माणसाला सांगणं. "परवा तू माझा डबा भरून ठेवला होतास, मी बोललो नाही, पण बरं वाटलं." आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायची रीत नाही, मानले तर परकं वाटतं, हे मला मान्य आहे. म्हणून "थँक्यू" नको. काय केलं ते नाव घेऊन सांगा, आभाराचा शब्द न वापरता. समोरच्या माणसाला ते बरोबर पोचतं.

झोपेबद्दल फक्त एवढंच, फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या. बाकी सगळे उपदेश त्यानंतर.

आता टिकवायचं कसं? पहाटेचं उठणं आणि डायरी, दोन्ही तुम्ही २१ दिवसांच्या आत सोडलंत आणि कुठेतरी ऐकलं असेल की २१ दिवसांत सवय लागते. ते खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकच छोटी गोष्ट ठरावीक वेळेला करायला लावली. ती विचार न करता व्हायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे तुम्ही अकराव्या आणि एकोणिसाव्या दिवशी जे सोडलंत ते अपयश नव्हतंच, गाडी अजून स्टँडमधूनच निघत होती.

मला इथे आजीचा चातुर्मास आठवतो. आषाढी एकादशीला ती एक नेम धरायची आणि कार्तिकीला सोडायची. एका वर्षी तुळशीला रोज पाच प्रदक्षिणा, एका वर्षी वांगं बंद, एका वर्षी जेवायला बसण्याआधी गायीला घास. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी त्या नेमाची बांधणी बघण्यासारखी आहे. तो एकच असायचा. इतका लहान की आजारपणातही निभावेल. जेवणाला किंवा दिवेलागणीला बांधलेला, त्यामुळे आठवण ठेवावी लागत नसे. घरात सगळ्यांना माहीत असायचा, भाजीत वांगं पडलं तर आधी आईच म्हणायची, "अगं, सासूबाईंचा नेम." आणि त्याला शेवट असायचा. चार महिन्यांनी उद्यापन, जेवायला कोणीतरी, मग तो संपला. जन्मभर करायचं असं तिने कधी ठरवलं नाही, म्हणून दरवर्षी करू शकली. चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. लॅली बाईंच्या ६६ दिवसांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

तुम्ही "आयुष्यभराच्या सवयी" लावायला निघालात आणि त्याही तीन-तीन. त्याऐवजी एक नेम, चार महिन्यांचा. माझ्या मते तो चहाचा असावा. सकाळचा पुढचा स्टॉप महिनाभराने जोडा, पहिला आपसूक व्हायला लागला असेल तरच. बायकोला आणि मुलीला सांगून ठेवा की मी हे करतोय. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येईल की पर्चेसच्या कटकटीने डोकं भणभणलेलं असेल आणि चहा ठेवणंही जड जाईल. त्या दिवशीचा नेम आणखी लहान करा. चहा नको, आईशेजारी दोन मिनिटं नुसते बसा आणि उठा. पूर्ण जमत नाही म्हणून काहीच नाही, इथेच बहुतेकांचे धागे तुटतात.

आणि नेम करताना बरं वाटतंय का, हे तपासू नका. पहिले दोन-तीन आठवडे बहुधा काही वाटणारही नाही. आईही विचारेल, "आज काय विशेष?" मुलगी खोलीतून डोकावून जाईल. थोडं अवघडल्यासारखं होईल. ते होऊ द्या. चार महिने केल्यावर तुम्ही नाचायला लागाल असं मी सांगत नाही. माझ्याकडे आलेले ते सुपरवायझर आजही सांगतात की कधीकधी संध्याकाळ जडच जाते. त्यांनी रोज कामावरून येताना पंक्चरच्या त्या दुकानाशेजारच्या टपरीवर दहा मिनिटं थांबायचं ठरवलं होतं, शाळेतला तो मित्रही येऊ लागला, आणि सहा महिन्यांनी वहीतले संध्याकाळचे आकडे ४, ५, ६ असे होते. मध्येच एखादा २. एवढ्यावर ते खूष होते आणि मीही.

थोडक्यात क्रम असा ठेवा. वर लिहिलेली लक्षणं असतील तर आधी डॉक्टर. नसतील तर पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त तासातासाची नोंद, दोन आकड्यांसकट, अगदी खरी. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी चहाचं आधण. बाकी काही नाही. नोंद करताना रात्री आठवून लिहू नका, दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळी बसमध्ये लिहा, नाहीतर सगळे आकडे त्या क्षणाच्या थकव्याचे पडतात.

तो आठवडा झाला की तुमचा सगळ्यात मोठा आकडा कोणत्या वारी, कोणत्या तासाला आणि कोणाबरोबर असताना पडला, तेवढं मला कळवा. चहाच्या नेमाच्या जागी दुसरं काही ठेवायला हवं असेल तर ते त्यावरूनच ठरवू.